एक्केचाळिसाव्या पानावरची सही

वसंतराव, माणूस गेल्यावरही केवढी कार्यपद्धती असते हे मला या तीन आठवड्यांत कळलं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती काढायच्या, कुठे मूळ प्रत लागते, कुठे झेरॉक्स चालते, आधी टेलिफोनवाल्यांकडे जायचं की आधी गॅसवाल्यांकडे. वहिनी दोन दिवस रांगांत उभ्या राहून थकल्या, तेव्हा मी सगळे कागद माझ्याकडे घेतले. यादी केली, क्रमांक घातले, एकेका कामापुढे बरोबरची खूण करत गेले. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "मंदाताई, मी मेलो तरी तुमचा फॉर्म काही सुटत नाही मला." खरं आहे. मला दुसरं काही येतच नाही.

दमले आहे हो. दुःखाने माणूस रडतो म्हणतात, मला नुसती झोप येते. ऑफिसात तुमच्या खुर्चीकडे पाठ करून बसते आणि दुपारचा डबा एकटीने खाते. इतकी वर्षं तुमच्या डब्यातली भाजी माझी आणि माझ्या डब्यातली चटणी तुमची, असा आपला अलिखित करार होता. अलिखित होता म्हणूनच बहुधा टिकला.

तुमच्याकडे नोकरीला आले तेव्हा मी पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती माझी. परदेशी माल यायला लागला तसा आमच्या साहेबांना आयएसओचा ध्यास लागला. दोन वर्षं मी एकेका मशीनची कार्यपद्धती टाइप केली. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं आणि त्याच वर्षी आमचा विभाग बंद झाला. मग कोथरूडातल्या तुमच्या त्या दहा बाय बाराच्या इस्टेट एजन्सीत फोन घ्यायला बाई पाहिजे असं कळलं. मुलाखतीत तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "पुण्यात भाड्याने किती घरं बदललीत?" मी म्हटलं, सात. "मग शिकवायला नको," म्हणालात.

तुमचा सगळा धंदा तुमच्या डोक्यात होता. कुठल्या इमारतीत पाणी कधी येतं, कुठला सेक्रेटरी कशाने चिडतो, कुठली किल्ली दोनदा फिरवावी लागते. बोर्डावर टांगलेल्या किल्ल्यांना नावंसुद्धा नव्हती, तुम्ही त्यांच्या आकारावरून ओळखायचात. एका ऑफिसापुरतं ते चाललं. पण मग हिंजवडीला कंपन्या आल्या आणि नागपूर, अमरावती, आमच्या अकोल्याकडची पोरं पाठीला बॅग लावून रोज सकाळी दारात उभी राहायला लागली. एकाची तीन ऑफिसं झाली, दोघांचे अकरा झालो. तुमचं डोकं मात्र एकच राहिलं.

सगळं लिहून काढून नियमावली करू या म्हणून मी मागे लागले होते, पण आपल्या ऑफिसातल्या शिल्पाचा तो प्रकार झाला नसता तर तुम्ही कधीच तयार झाला नसतात. बाणेरचा फ्लॅट भाड्याने गेलाय हे तुम्ही तुमच्या डोक्याला सांगितलंत, शिल्पाला सांगायचं राहिलं. तिने भर दुपारी एका कुटुंबाला घेऊन जाऊन सरळ किल्लीने दार उघडलं. आत रात्रपाळी करून आलेले तीन इंजिनिअर बनियनवर झोपलेले. त्या कुटुंबातल्या आजी त्यांना निरखून म्हणाल्या, "जागा बरी आहे. ही मुलं फ्लॅटबरोबरच येतात का?" संध्याकाळी तुम्ही माझ्या टेबलासमोर येऊन बसलात आणि म्हणालात, "लिहा तुमची पोथी."

मग दोनेक वर्षं दुपारी डबे उघडले की तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. तुम्ही कार्यपद्धती सांगताय असं तुम्हाला कधी वाटलंच नाही, तुम्ही आपले बोलत होतात.

"दार उघडलं की आपण बाजूला व्हायचं. रिकाम्या घरात पहिलं पाऊल गिऱ्हाईकाचं पडलं पाहिजे."

"पश्चिमेचं घर सकाळी दाखवायचं नाही. दुपारी चारला दाखवा, चांगलं भाजू दे. तरी आवडलं तर खरं."

"स्वयंपाकघरात माणसाला दोन मिनिटं एकटं सोडा. तिथे आपण बडबडायचं नाही. तो मनातल्या मनात डबे लावत असतो."

मी ते टाइप केलं: 'स्वयंपाकघरात ग्राहकास दोन मिनिटे एकांत द्यावा.' वाचून तुम्हाला चहाचा ठसका लागला होता. "अहो, एकांत काय, हनिमूनला चाललाय का तो?" पण शब्द बदलू दिला नाहीत. प्रत्येक पानाच्या तळाशी मी दोन जागा आखल्या होत्या. डावीकडे 'तयार केले', तिथे माझी सही. उजवीकडे 'मंजूर', तिथे तुमची. तुम्ही पेन्सिलीने वाचायचात, खोडायचात, भांडायचात, आणि शेवटी शाईने सही करायचात. तुमची सही झाल्याशिवाय पान फाइलला लागत नसे. मला त्याचा अभिमान होता. माझ्या कारखान्यातल्या साहेबांनी माझं एकही पान वाचलं नव्हतं.

सतराव्या पानावर किल्ल्यांचा नियम होता. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय किल्ली कोणाच्याही हातात द्यायची नाही. घर दाखवायला आपल्या माणसाने किल्ली न्यायची, ग्राहकाबरोबर थांबायचं आणि भेटीचा फॉर्म भरायचा. पेन हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "आणि सोमणांचं काय?"

सोमणकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आपल्या ऑफिसपासून तीन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं, म्हणजे राहत होते ते आणि काकू, नावावर होतं अमेरिकेतल्या मुलाच्या. काकू गेल्या, काका मुलीकडे राहायला गेले आणि मुलाने घर विकायला आपल्याकडे दिलं. पण आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तो परत पाठवायचा, भाव अजून वाढेल म्हणून. घर आपलं रिकामंच. दर रविवारी पाच वाजता काका यायचे, तुम्ही बोर्डावरची किल्ली काढून द्यायचात, तासाभराने ते आणून द्यायचे. एकदा ते बेसिनचा नळ चालू ठेवून निघाले. खालच्या बाईंनी ऑफिसात येऊन विचारलं, "खडकवासल्याचं पाणी आता याच घरातून सोडतात का?" मुलाचं लगेच पत्र आलं: बाबांना विसरायला होतं, उद्या गॅस उघडा राहील, किल्ली त्यांनासुद्धा देऊ नये. ते पत्र मी तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि मग सही केलीत.

पुढच्याच रविवारी तुम्ही साताऱ्याला लग्नाला गेला होतात. पाच वाजता काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्राची घडी.

मी म्हटलं, "काका, किल्ली नाही देता येणार. मालकांची लेखी परवानगी लागते."

"मालक म्हणजे आमचा नितीनच ना?"

"हो. त्यांनीच कळवलंय. तुम्हालासुद्धा देऊ नका म्हणून."

मी सतरावं पान काढून त्यांच्याकडे फिरवलं. माझ्यावर विश्वास बसावा म्हणून. त्यांनी चष्मा बदलला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि तळाशी बोट ठेवलं. "वसंतरावांचीही सही आहे. मग बरोबरच असणार," म्हणाले. वर्तमानपत्राची घडी काखेत मारून गेले. पुन्हा कधी किल्ली मागायला आले नाहीत.

सोमवारी मी तुम्हाला हे सांगितलं. त्या दिवशी तुम्ही माझ्या डब्यातली चटणी घेतली नाहीत. मी वाट बघत होते की तुम्ही म्हणाल, मंदाताई, चुकलंत. किंवा म्हणाल, बरोबर केलंत. दोन्हींतलं काहीही चाललं असतं मला.

आणि मग तो दोनशे बारा आला. महिन्याचा गोषवारा मीच आखलेला: ग्राहक क्रमांक आणि भेटींची संख्या, बस्स. नाव नाही, पत्ता नाही, कारण एका पानात मावलं पाहिजे. त्यात दोनशे बारा दर महिन्याला चार वेळा, पाच वेळा. फॉर्म तुमच्या कपाटात असायचे, माझ्याकडे नुसता आकडा.

मी विचारायचे, "हे दोनशे बारा आहेत तरी कोण? तीस वेळा घर बघून झालं!"

"जुने पुणेकर आहेत. घाई नाही त्यांना."

पन्नास झाल्यावर पुन्हा विचारलं. "माणूस बायकोसुद्धा एवढी पारखून घेत नाही, वसंतराव."

"म्हणूनच पस्तावतो," म्हणालात आणि वर्तमानपत्र उघडलंत.

मला त्या माणसाचा खरोखर राग यायचा. तोपर्यंत तुमच्या छातीचं दुखणं सुरू झालं होतं. जिने चढू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, वहिनींनी मला बाजूला घेऊन डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. आणि तुम्ही रविवारमागून रविवार कुठल्यातरी बिनलिफ्टच्या इमारतीत एका चक्रम गिऱ्हाईकाला घर दाखवायला जात होतात. शिल्पाला पाठवा म्हटलं तर "तिला जमणार नाही." म्हणून मी एक्केचाळिसावं पान केलं. 'एकाच ग्राहकास एकच जागा पाच वेळांहून अधिक दाखवू नये. पाचव्या भेटीनंतर फाइल बंद करावी.' डावीकडे सही करून तुमच्या टेबलावर ठेवलं. वसंतराव, तो नियम एजन्सीसाठी नव्हता. तुमच्या छातीसाठी होता. हे मी तेव्हा सरळ बोलायला हवं होतं, पण मी ते टाइप केलं.

त्या पानावर तुम्ही सही केली नाहीत. पुढची सगळी पानं झाली, मधे हे एक राहिलं. महिने गेले. मुंबईची ती मोठी कंपनी आपल्याला जोडून घ्यायचं म्हणू लागली, त्यांची माणसं येऊन नियमावली बघणार असं ठरलं, तरी तुम्ही ढिम्म. त्या शुक्रवारी माझा तोल सुटला. तुम्ही दुसऱ्या ऑफिसात होतात, फोनवर ओरडले, "काऊन सही नाही करत तुम्ही?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "रागावलात की तुमचं अकोला बाहेर येतं." मग मी नको ते बोलले. म्हटलं, "एकदा सांगून टाका, तुम्हाला माझी नियमावली पाहिजे की तो दोनशे बारा?"

"दोनशे बारा," म्हणालात, आणि फोन ठेवलात.

शनिवारी मी मुद्दाम फोन केला नाही. रविवारीही नाही. शनिवारी ऑफिसातही तुमच्याशी फक्त कामापुरतं बोलले. सोमवारी सकाळी चहा पिता पिता तुम्ही गेलात. वहिनींचा फोन आला तेव्हा मी ते एक्केचाळिसावं पान पुन्हा छापत होते, या वेळी शेवटी 'अपवाद नाही' असं जोडून.

मी त्या दोनशे बाराला फार शिव्या दिल्या, वसंतराव. मनात. स्मशानातून परत येताना, दहाव्याला, दाखल्याच्या रांगेत. म्हटलं, याच्या पायी गेलात.

काल रविवार होता. दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला.

"नमस्कार. मी दोनशे बारा बोलतोय."

आवाज म्हातारा होता, हळू होता. "पेपरात वाचलं वसंतरावांचं. मुलीला घेऊन येणार होतो भेटायला, पण धीर झाला नाही. फक्त एवढंच विचारायचं होतं, माझी फाइल बंद झाली का?"

"आपण कोण?" मी विचारलं. पण विचारतानाच मला कळलं होतं.

"मी सोमण. नितीनचा बाबा."

त्यांना अर्ध्या तासात फोन करते असं सांगून मी तुमचं कपाट उघडलं. माझ्या टेबलापासून तुमचं कपाट चार पावलांवर आहे. दोन वर्षांत ती चार पावलं मी चालले नव्हते, आकड्यावरच भांडत राहिले. दोनशे बाराची फाइल सगळ्यांत जाड होती. एकशे तीन फॉर्म. ग्राहकाचे नाव: श्री. सोमण. जागा: सोमण, तिसरा मजला. किल्ली नेणारा: स्वतः. ग्राहकाबरोबर थांबलात का: होय. निघताना नळ, गॅस, दिवे तपासले का: होय. आयुष्यात तुम्ही एक फॉर्म पूर्ण भरला नव्हतात, बँकेचासुद्धा माझ्याकडे सरकवायचात. इथे एकही रकाना रिकामा नव्हता. आणि तळाशी, ग्राहकाचा अभिप्राय, एकशे तीन वेळा तेच: 'विचार करतो म्हणाले.'

माझा एकही नियम तुम्ही मोडला नव्हतात. त्यांच्या हातात किल्ली एकदाही दिली नव्हतीत. माझ्याच सतराव्या पानातून वाट काढून तुम्ही त्या माणसाला त्याच्या घरी नेत होतात, आणि मी एक्केचाळिसाव्या पानाने ती बंद करायला निघाले होते. पहिला फॉर्म त्या साताऱ्याच्या लग्नानंतरच्या रविवारचा होता.

पाच वाजता मी किल्ली घेऊन इमारतीखाली उभी राहिले. काका आले. तोच इस्त्रीचा शर्ट, तीच घडी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले. "इथे वसंतराव थांबायचे," म्हणाले. "दम त्यांना लागायचा आणि मला म्हणायचे, तुमच्यासाठी थांबलोय."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी एकदा म्हटलं होतं, बाईंना सांगून टाका. तर म्हणाले, नको. नियम त्यांचा बरोबर आहे. पण त्यांना कळलं तर त्या आधी रडतील आणि मग एक नवा फॉर्म छापतील."

जिन्यातच मी हसले आणि हसता हसता रडले. तीन आठवडे आलं नव्हतं ते तिथे आलं, त्या वळणावर, शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडशेजारी. काका कठड्याला धरून उभे होते, घाई न करता. तुमच्याबरोबर राहून शिकले असणार.

दार उघडून मी बाजूला झाले. ते आधी आत गेले. आधी स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत थांबले, काही बोलले नाही. वसंतराव, मी ते वाक्य टाइप केलं होतं, त्यावर आपण हसलो होतो, पण त्याचा अर्थ मला काल कळला. ओटा रिकामा होता, कपाटांची दारं उघडी होती, आणि ते ओट्यावर एक हात ठेवून उभे होते, कोणीतरी काही मागेल आणि आपण काढून द्यावं तसे. दोन मिनिटांची चार झाली. मग ते गॅलरीतल्या एकुलत्या एक खुर्चीत जाऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. मी उंबऱ्यावर बसले. दुसरी खुर्ची नव्हती. तुम्हीही एकशे तीन रविवार तिथेच बसला असणार, ते दुखरे गुडघे घेऊन.

सहा वाजता मी नळ तपासला, गॅस तपासला, दिवे तपासले. फॉर्म काढला. "काका, अभिप्राय?"

"विचार करतो," ते म्हणाले. आणि दारात वळून विचारलं, "पुढच्या रविवारी?"

मी हो म्हटलं. माझेही गुडघे दुखतात, पण छाती अजून धड आहे.

त्या जिन्यांनी तुमचं आयुष्य कमी केलं का, मला माहीत नाही. वहिनींना मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि सांगावं की नाही याचा नियम माझ्याकडे नाही. शुक्रवारचं ते भांडणही तसंच राहिलं. तुम्ही 'दोनशे बारा' म्हणालात ते माझ्याविरुद्ध नव्हतं एवढं आता कळतं, पण तुम्हाला ते सांगायला उशीर झाला. एकदा तरी सगळं उलगडून सांगितलं असतंत तर मी रडले असते, हे खरं. फॉर्मही छापला असता. पण तुमच्याऐवजी कधीकधी मी तो जिना चढले असते, वसंतराव.

मुंबईची माणसं गुरुवारी येणार आहेत. आज सकाळी मी एक्केचाळिसावं पान काढलं आणि फाडलं. त्या जागी नवीन घातलं. त्यावर एकच ओळ आहे: 'ग्राहकाचा विचार पूर्ण होईपर्यंत त्यास घर दाखवत राहावे.' मग पट्टी घेऊन तळाशी नेहमीच्या दोन जागा आखल्या. डावीकडे, 'तयार केले' समोर, तुमचं नाव लिहिलं. आणि उजवीकडे, 'मंजूर' समोर, मी सही केली.